मिनरल की सिंथेटिक? वऱ्हाडातल्या गाड्यांचा ऑइलचा हिशेब

३ जून २०२२ च्या सकाळी अमरावती-अकोला महामार्गावर डांबराचा थर टाकायला सुरुवात झाली. ७ जूनच्या संध्याकाळी, १०५ तास ३३ मिनिटांनी काम थांबलं, तेव्हा लोणी ते माना या पट्ट्यात ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी थर सलग अंथरून झाला होता. वर्षानुवर्षं रखडलेल्या आणि खड्ड्यांसाठी कुप्रसिद्ध असलेल्या या रस्त्याचं नाव अशा रीतीने गिनेस बुकात गेलं. आधीचा विक्रम कतारमधल्या दोह्याचा होता: २५ किलोमीटरच्या आसपास, तोही दहा दिवसांत. इथे साडेसातशेच्या आतबाहेर माणसं रात्रंदिवस राबली आणि ३६ हजार टनांहून जास्त मिश्रण रस्त्यावर पडलं.

या डांबराचं आणि त्यावरून धावणाऱ्या गाडीच्या इंजिनातल्या मिनरल ऑइलचं कूळ एकच आहे. रिफायनरीत कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल वेगळं झालं की तळाशी जड भाग उरतो. तो कमी दाबाखाली पुन्हा तापवला की त्यातून वंगणाचा अंश निघतो आणि अगदी शेवटी राहतो तो चिकट काळा गाळ रस्त्यावर जातो. मुंबईत माहुलला हिंदुस्थान पेट्रोलियमची रिफायनरी आहे आणि वंगणतेल बनवणारी ती देशातली सर्वांत मोठी रिफायनरी मानली जाते. गॅरेजच्या फळीवर मांडलेल्या कितीतरी डब्यांची सुरुवात अशाच एखाद्या मनोऱ्यातून होते.

रस्ता सुधारला, गाड्याही बदलल्या. सर्व्हिसिंगच्या दिवशी काउंटरवर विचारला जाणारा प्रश्न मात्र कायम आहे: साधं टाकायचं की सिंथेटिक? साध्या मिनरल ऑइलचा लिटर साधारण साडेतीनशे-चारशे रुपयांना मिळतो, तर चांगल्या सिंथेटिकला आठशे ते हजार रुपये मोजावे लागतात. इंजिनात साडेतीन-चार लिटर ऑइल मावतं, म्हणजे एका वेळेला दीड-दोन हजारांचा फरक पडतो. मेकॅनिक एक सांगतो, शोरूमवाला दुसरंच सांगतो आणि शेजारी तिसरं. तिघांच्याही सांगण्यात थोडं थोडं तथ्य असतं, म्हणून गोंधळ वाढतो.

हे दोन शब्द वाटतात तितके काटेकोर नाहीत, इथूनच सुरुवात करावी लागेल. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट, म्हणजे एपीआय, मूळ तेलाचे पाच गट करते. पहिला गट जुन्या पद्धतीने शुद्ध केलेल्या तेलाचा, त्यात गंधक जास्त असतं. दुसऱ्या गटातलं तेल हायड्रोजनच्या प्रक्रियेने जास्त स्वच्छ केलेलं असतं. तिसऱ्या गटात हीच प्रक्रिया आणखी कडक होते. तेलाचे रेणू तोडून पुन्हा घडवले जातात आणि त्याचा व्हिस्कॉसिटी इंडेक्स १२० किंवा त्याहून वर जातो. तापमान बदललं तरी तेलाचा जाडपणा किती टिकून राहतो, हे त्या आकड्यावरून समजतं. चौथा गट पॉलिअल्फाओलेफिनचा, म्हणजे रासायनिक कारखान्यात जुळवलेल्या तेलाचा. उरलेलं सगळं, एस्टर वगैरे, पाचव्या गटात येतं.

मिनरल ऑइल म्हणजे मळणीयंत्रातून थेट पोत्यात पडलेलं सोयाबीन: टपोरे, बारके, फुटके दाणे आणि थोडा काडीकचराही. सिंथेटिक म्हणजे चाळणी लावून एकसारखं निवडलेलं बियाणं. रेणू एकसारखे असले की तेल उष्णतेत कमी उडतं, थंडीत कमी घट्ट होतं आणि हवेतल्या प्राणवायूमुळे सावकाश सडतं.

वाद तिसऱ्या गटावरून झाला. तो निघतो कच्च्या तेलातूनच, पण वागतो बराचसा कारखान्यात जुळवलेल्या तेलासारखा. कॅस्ट्रॉलने अमेरिकेत आपल्या 'सिंटेक' ऑइलमध्ये चौथ्या गटाऐवजी तिसऱ्या गटाचं तेल वापरायला सुरुवात केली आणि डब्यावर 'सिंथेटिक' हा शब्द तसाच ठेवला. मोबिलने तिथल्या जाहिरात तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. १९९९ मध्ये निकाल कॅस्ट्रॉलच्या बाजूने लागला. तेव्हापासून जगाच्या बहुतेक बाजारांत तिसऱ्या गटाचं तेल सिंथेटिक म्हणून उघडपणे विकलं जातं. जर्मनीसारख्या एखाद्या देशात 'पूर्ण सिंथेटिक' या शब्दांवर अजून बंधन आहे. भारतात 'फुली सिंथेटिक' लिहिलेल्या डब्यात बहुधा तिसऱ्या गटाचं तेल असतं, आणि 'सेमी सिंथेटिक' डब्यात चांगल्या तेलाचा वाटा किती टक्के, हे डब्यावर छापलेलं नसतं. त्यामुळे समोरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या शब्दापेक्षा मागच्या बाजूचे बारीक आकडे जास्त विश्वासाचे.

सिंथेटिकचा इतिहास थंडीतून आणि टंचाईतून घडला. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनीत फ्रान्झ फिशर आणि हान्स ट्रॉप्श यांनी कोळशाच्या वायूपासून द्रव इंधन बनवण्याची रीत शोधली. दुसऱ्या महायुद्धात कच्च्या तेलाला मुकलेल्या जर्मनीने वंगणही प्रयोगशाळेत तयार केलं, कारण रशियाच्या हिवाळ्यात साधं तेल गोठून यंत्रं अडत होती. नंतर जेट विमानांनी हे तेल उचललं. मोटारींसाठी ॲम्सऑइलने १९७२ मध्ये आणि मोबिलने १९७४ मध्ये आपली सिंथेटिक ऑइल अमेरिकेच्या बाजारात आणली. एका अर्थी सिंथेटिकचा जन्म उणे तीस अंशांसाठी झाला. त्याची परीक्षा वऱ्हाडात घ्यायची तर मोजपट्टी वेगळी लागते.

डब्यावर '२०डब्ल्यू-४०' असे आकडे असतात, त्यांतला 'डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा. २०डब्ल्यू असं लिहिलेलं ऑइल उणे १५ अंशांना इंजिन फिरू देण्याइतकं पातळ असावं लागतं. १५डब्ल्यूची कसोटी उणे २० ला होते, १०डब्ल्यूची उणे २५, ५डब्ल्यूची उणे ३० आणि ०डब्ल्यूची उणे ३५ अंशांना. अकोल्यात डिसेंबर-जानेवारीच्या कडाक्यात पारा आठ-दहापर्यंत उतरतो. अगदी चिखलदऱ्याच्या पठारावर दवाचं बर्फ झालं तरी वीस-चाळीस ऑइल गाडी सुरू होऊ देतं. म्हणजे सिंथेटिकच्या जाहिरातीतला सर्वांत गाजलेला गुण, गोठवणाऱ्या थंडीतला सुलभ स्टार्ट, इथल्या गाडीवाल्याच्या फारसा कामाचा नाही.

तरीही पहिला आकडा अगदीच निरुपयोगी नाही. ४० अंशांना मोजलं तर २०डब्ल्यू-५० चा जाडपणा साधारण १६० सेंटिस्टोकच्या पुढे असतो, ५डब्ल्यू-३० चा ६५ च्या आसपास. हिवाळ्याच्या सकाळी गाडी सुरू केल्यावर कॅमशाफ्टपर्यंत ऑइल किती लवकर पोचतं, यात हा फरक जाणवतो. गार इंजिनाचे पहिले काही सेकंद झिजेचे असतात, हे सगळे तंत्रज्ञ मान्य करतात.

दुसरा आकडा गरम इंजिनातल्या जाडपणाचा. इथे वऱ्हाडी गॅरेजचं एक ठाम मत ऐकायला मिळतं: 'उनायात गाडीले जाडंच ऑइल पाह्यजे, भाऊ.' त्यामागे अनुभव आहे. अकोल्याचा पारा मे २०२० मध्ये ४७ अंशांच्या वर गेला होता. २०२४ च्या मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोला जिल्ह्यात कलम १४४ लावावं लागलं. अशा उन्हात ऑइल पातळ होऊन इंजिन बसेल, अशी भीती वाटणं साहजिक आहे.

पण इंजिनाला बाहेरचं ऊन जसंच्या तसं लागत नाही. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान तापलं की थर्मोस्टॅट उघडतो, रेडिएटर आणि पंखा कामाला लागतात, आणि चेंबरमधलं ऑइल शंभर अंशांच्या आसपास राहतं, मग बाहेर २५ असोत की ४५. पिस्टनच्या रिंगांपाशी तेच ऑइल दोनशेच्या वरची धग सोसतं. म्हणूनच ऑइलची गरम कसोटी १५० अंशांना, जोरात घुसळत घेतली जाते. त्या कसोटीत ३० ग्रेडला किमान २.९, तर १५डब्ल्यू-४० ला ३.७ गुण लागतात. या कसोटीपुढे ४७ अंशांचं ऊन किरकोळ ठरतं. कंपनीने ३० ग्रेड सांगितली असेल तर तिने ती १५० अंशांचा हिशेब करूनच सांगितली आहे.

जाड ऑइलच्या सवयीला आणखी एक मूळ आहे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, त्याआधीपासून ॲम्बॅसेडर आणि प्रीमियर पद्मिनी होत्या. त्या इंजिनांतल्या फटी मोठ्या, रस्ते धुळीचे, आणि २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० हीच घरोघरची ओळखीची ग्रेड. त्या काळी गाडी शिकलेल्या आणि दुरुस्ती शिकलेल्या पिढीच्या हाताला हेच आकडे बसले. आजच्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा ऑइलच्याच दाबावर चालते, तिच्या वाहिन्या अरुंद असतात. मारुतीच्या ड्युअलजेट पिढीतल्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांना कंपनी ०डब्ल्यू-१६ सांगते. हे ऑइल गेजच्या पट्टीवर पाण्यासारखं पातळ दिसतं आणि जुना मेकॅनिक भुवया उंचावतो. त्यात वीस-पन्नास ओतलं तर इंजिन लगेच मोडणार नाही. मायलेज मात्र पडतं, पंपावर भार येतो, आणि ज्या यंत्रणेसाठी पैसे मोजले ती मंदावते.

आता पुराव्याकडे. सिंथेटिक खरोखर किती चांगलं, यावर दोन गाजलेल्या चाचण्या आहेत आणि त्यांचे निकाल वरवर एकमेकांच्या विरुद्ध दिसतात. 'कन्झ्युमर रिपोर्ट्स' या अमेरिकन मासिकाने १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या ७५ टॅक्सींमध्ये नव्याने बांधलेली इंजिनं बसवली, वेगवेगळ्या कंपन्यांची ऑइल भरली आणि प्रत्येक टॅक्सी ६० हजार मैल पळवली. नंतर इंजिनं उघडून सुटे भाग मोजले. ऑइलच्या ब्रँडमुळे झिजेत सांगण्यासारखा फरक सापडला नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मोटारचालकांच्या 'एएए' संघटनेने सिंथेटिक आणि साध्या ऑइलच्या प्रयोगशाळेत चाचण्या केल्या. त्यांत सिंथेटिक सरासरी ४७ टक्क्यांनी सरस ठरलं.

दोन्ही निकाल खरे आहेत. प्रयोगशाळेने ऑइलला त्याच्या मर्यादेपर्यंत ताणलं: उष्णतेत ते किती सडतं, किती उडतं, किती गाळ धरतं हे मोजलं. टॅक्सी मात्र दिवसभर गरमच राहिल्या, त्यांच्या इंजिनाला गार होऊन पुन्हा सुरू व्हायची वेळ क्वचित आली आणि ऑइल ठरल्या अंतरावर बदललं गेलं. म्हणजे साधं ऑइलही त्याच्या मर्यादेत राहिलं तर इंजिन सांभाळतं. सिंथेटिकचा फायदा मर्यादेच्या टोकाला गेल्यावर दिसतो. मग अमरावती-अकोल्यातली गाडी त्या टोकाला कधी जाते, हा खरा प्रश्न.

सर्वांत जास्त ताण देणारी गोष्ट गावातच घडते. अमरावतीत राजापेठहून निघायचं, राजकमल चौकात थांबायचं, मुलाला शाळेत सोडून परत यायचं: चार-पाच किलोमीटरचं अंतर. इंजिन पूर्ण तापायच्या आत गाडी बंद. जळणात तयार झालेली वाफ आणि न जळलेलं पेट्रोल चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइल पुरेसं तापत नाही म्हणून उडून जात नाही. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात ऑइलच्या झाकणाखाली दिसणारा पांढुरका सायीसारखा थर याचीच खूण असते. अशी गाडी वर्षाला चार हजार किलोमीटरच चालते आणि मालक समजतो, दहा हजार व्हायला अजून अडीच वर्षं आहेत. बहुतेक कंपन्या मात्र दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगतात. वऱ्हाडातल्या कितीतरी गाड्यांच्या बाबतीत 'आधी होईल ते' म्हणजे वर्षच असतं, आणि तेच विसरलं जातं.

दुसरा ताण उभ्या गाडीतल्या एसीचा. मे महिन्यात दुपारी बँकेसमोर किंवा दवाखान्याबाहेर गाडी सुरू ठेवून माणसं वीस-वीस मिनिटं बसतात. किलोमीटरचा काटा हलत नाही, इंजिन मात्र चालूच. अशा वेळी वाऱ्याचा झोत नसतो, पंख्यावरच भिस्त असते आणि ऑइल तापतं. ट्रॅक्टरवाल्याला हे नीट कळतं, कारण तो ऑइल तासांवर बदलतो, बहुधा दर २५० तासांनी. कारवाला किलोमीटर बघतो आणि तास मोजत नाही.

तिसरा ताण धुळीचा. काळ्या मातीची धूळ उन्हाळ्यात आणि कापूस-सोयाबीनच्या हंगामात शेतरस्त्यांवर पिठासारखी उडते. एअर फिल्टर चोंदला, फाटला किंवा नीट बसला नाही, तर ती सिलिंडरपर्यंत पोचते. मातीतली सिलिका धातूपेक्षा कठीण असते आणि रिंगा घासते. यावर कोणतंही सिंथेटिक उपाय नाही. अकोटहून किंवा दर्यापूरहून रोज कच्च्या रस्त्याने येणाऱ्या गाडीत हजार रुपये लिटरचं ऑइल घालून एअर फिल्टर दोन वर्षं तसाच ठेवणं म्हणजे पैसा चुकीच्या ठिकाणी घालवणं.

चौथा ताण नवा आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये पूर्ण ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. अमरावती आणि वाशीम जिल्ह्यांतून जाणाऱ्या या रस्त्यावर कारला ताशी १२० ची मुभा आहे. पूर्वी खड्डे चुकवत साठ-सत्तरने जाणारी गाडी आता तीन-चार तास सलग १२० ने जाते, आत पाच माणसं, मागे सामान, एसी चालू. अशा धावेत ऑइलचं तापमान चढतं, त्याचा हलका अंश उडतो आणि पातळी घटते. ऑइल २५० अंशांना तासभर ठेवून त्यातलं किती उडालं हे मोजण्याची एक कसोटी आहे. पेट्रोल गाड्यांच्या ऑइलसाठी त्यात १५ टक्क्यांची मर्यादा असते आणि चांगली सिंथेटिक ऑइल त्याच्या बरीच खाली राहतात. सिंथेटिकला वऱ्हाडात खरी कामगिरी दाखवायची जागा मिळाली ती या रस्त्यावर. टायरची हवा तपासून निघणाऱ्यांनी गेजची पट्टीही एकदा ओढून पाहावी. साडेतीन लिटरमधलं एक लिटर कमी असेल तर डब्याची जात कामाला येत नाही.

आता गाड्यांप्रमाणे वाटणी करता येते. मारुती ८००, जुनी अल्टो, सँट्रो, जुनी इंडिका अशा साध्या बांधणीच्या आणि जास्त धावलेल्या गाड्यांना मॅन्युअलमध्ये सांगितलेलं मिनरल ऑइल पुरेसं आहे. पाच हजार किलोमीटर किंवा सहा महिने ही शिस्त पाळली तर सिंथेटिकने त्यांच्या आयुष्यात विशेष भर पडत नाही. जी गाडी रिंगा झिजल्यामुळे ऑइल खाते, निळा धूर सोडते, तिच्यात महाग ऑइल म्हणजे महाग धूर. तिथे थोडी जाड ग्रेड, तीही मॅन्युअलमधल्या तापमानाच्या तक्त्यात बसणारी, आणि वेळच्या वेळी टॉपअप हाच व्यवहार.

साधारण २००५ ते २०२० या काळातल्या पेट्रोल गाड्या मधल्या पट्टीत येतात. बऱ्याच गाड्यांना ५डब्ल्यू-३० चालतं, काहींच्या तक्त्यात १०डब्ल्यू-३० किंवा १५डब्ल्यू-४० चीही मुभा असते. इथे सेमी सिंथेटिक हा समंजस सौदा ठरू शकतो. गाडी मुख्यतः गावात फिरत असेल तर साधं आणि लवकर बदललेलं, लांबच्या धावेत राहत असेल तर सिंथेटिक.

१ एप्रिल २०२० पासून देशभर प्रदूषणाचे बीएस-सहा निकष लागू झाले आणि त्यानंतरच्या गाड्यांपुरता हा वाद जवळपास मिटला. ०डब्ल्यू-१६ किंवा ०डब्ल्यू-२० जुन्या पद्धतीच्या मिनरल तेलापासून बनतच नाही. टर्बो पेट्रोल इंजिनाचा टर्बो मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर फिरतो. ऑइल तिथे करपलं तर टर्बो बदलण्याचा खर्च कितीतरी सर्व्हिसिंगच्या बरोबरीचा. शिवाय थेट इंधन फवारणाऱ्या टर्बो इंजिनात कमी वेगावर जास्त जोर दिला की इंधन अवेळी पेटून पिस्टनला इजा होऊ शकते. या दोषाला आवर घालणारी कसोटी एपीआयने २०१८ मध्ये 'एसएन प्लस'मध्ये आणि २०२० मध्ये 'एसपी'मध्ये आणली. अशा गाडीच्या डब्यावर एसपी किंवा त्यापुढची अक्षरं असावीत, हे 'सिंथेटिक' या शब्दाहून महत्त्वाचं.

डिझेलची गोष्ट वेगळी. बीएस-सहा डिझेल गाडीत काजळी अडवणारा डीपीएफ असतो. ऑइलमधली राख त्यात अडकते आणि जळून जात नाही, म्हणून कमी राखेचं ऑइल लागतं. मॅन्युअलमध्ये 'एसीईए सी२' किंवा 'सी३' अशी खूण असते ती त्यासाठीच. डीपीएफ साफ करण्यासाठी इंजिन जादा डिझेल फवारतं आणि गाडी मध्येच बंद केली तर त्यातलं काही चेंबरमध्ये उतरतं. पट्टीवर ऑइल वाढलेलं दिसलं तर आनंद मानू नये, ते डिझेल मिसळल्याचं लक्षण आहे. केवळ गावात फिरण्यासाठी अशी गाडी घेणाऱ्याला ऑइल लवकर बदलावं लागणार. परतवाडा-धारणी किंवा मूर्तिजापूर-कारंजा मार्गावर दिवसभर धावणाऱ्या जुन्या काळीपिवळीला मात्र 'सीआय-४' दर्जाचं १५डब्ल्यू-४० मिनरल ऑइल अजूनही व्यवस्थित चालतं. तिचं इंजिन दिवसभर गरम राहतं, न्यूयॉर्कच्या टॅक्सीसारखंच.

ट्रॅक्टरसाठी आणलेल्या वीस लिटरच्या बादलीतलं ऑइल घरच्या पेट्रोल कारमध्ये ओतायचा मोह खेड्यांत होतो. जुन्या गाडीत ते खपून जात असेल. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाडीत ते टाळावं, कारण डिझेल इंजिनाच्या ऑइलमध्ये फॉस्फरस बहुधा जास्त असतो आणि तो कन्व्हर्टर निकामी करत जातो.

पैशांचा हिशेब मांडून पाहू. साडेतीन लिटरचं इंजिन, वर्षाला दहा हजार किलोमीटर. चारशे रुपये लिटरचं मिनरल पाच हजारांना बदललं तर वर्षाला दोनदा मिळून २८०० रुपये, शिवाय दोन फिल्टर आणि दोनदा मजुरी. नऊशे रुपये लिटरचं सिंथेटिक दहा हजारांना एकदा बदललं तर ३१५० रुपये, एक फिल्टर, एकदा मजुरी. वर्षाअखेर दोन्ही रकमा जवळपास सारख्या होतात. सिंथेटिक महाग पडतं ते एकाच परिस्थितीत: ते भरूनही पाच हजारांना बदललं तर. आणि मिनरल स्वस्त पडतं तेही एकाच परिस्थितीत: ते दहा हजारांपर्यंत ओढलं तर, म्हणजे इंजिनाच्या आयुष्यातून उधार घेऊन.

काही समजुती मात्र काढून टाकायला हव्यात. सिंथेटिक एकदा भरलं की परत मिनरल भरता येत नाही, हे खरं नाही. एपीआयच्या दर्जाची ऑइल एकमेकांत मिसळतील अशीच बनवावी लागतात, प्रवासात टॉपअपची वेळ आली तर जे मिळेल ते योग्य ग्रेडचं ऑइल चालतं. सिंथेटिकमुळे गळती सुरू होते, ही समजूत सत्तरच्या दशकातल्या ऑइलवरून आली, तेव्हाची काही मिश्रणं रबरी सीलना मानवत नसत. आज गळती दिसली तर सील आधीच कडक झालेला असतो. ऑइल काळं पडलं म्हणजे संपलं, हेही अर्धसत्य. डिझेल गाडीत ते काही दिवसांतच काळं होतं, कारण काजळी उचलून धरणं हे त्याचं कामच आहे. सर्व्हिस बिलात वाढवलं जाणारं 'इंजिन फ्लश' आणि बाटलीतली जादूची पूरक द्रव्यं बहुतेक गाड्यांना लागत नाहीत.

बनावट मालाचा धोका खरा आहे. नामांकित कंपनीच्या रिकाम्या डब्यात गाळलेलं जुनं ऑइल भरून विकण्याचे प्रकार देशभर उघडकीस आले आहेत. छापील किमतीच्या निम्म्यात मिळणारं 'फुली सिंथेटिक' संशयास्पदच समजावं. झाकणाचं सील, क्यूआर कोड आणि बॅच नंबर पाहावा, डबा डोळ्यांसमोर उघडायला लावावा आणि रिकामा डबा भोक पाडून मगच टाकावा. सरकारी तेल कंपन्यांच्या पंपावर सर्वो, मॅक किंवा एचपीचा योग्य दर्जाचा डबा मिळत असेल, तर अनोळखी दुकानातल्या परदेशी नावापेक्षा तो बरा.

काढलेलं काळं ऑइल कुठे जातं, याचाही हिशेब इथे लागतो. सेंट्रिंगच्या फळ्यांना, उधई लागू नये म्हणून लाकडाला, बैलगाडीच्या आसाला ते लावलं जातं, उरलेलं नालीत. कायद्याने ते घातक कचऱ्यात मोडतं आणि १ एप्रिल २०२४ पासून ते गोळा करून पुन्हा शुद्ध करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकांवरही टाकली गेली आहे. अकोला, अमरावती आणि बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात गोड पाण्याचे झरे आधीच मोजके आहेत, तिथे नालीत ओतलेलं एक चेंबर ऑइलही जड जातं. वर्षातून दोनदा बदलण्याऐवजी एकदा बदललं की हे काळं ऑइल निम्म्यावर येतं, आणि सिंथेटिकच्या बाजूचा हा मुद्दा जाहिरातीत कुणी सांगत नाही.

वऱ्हाडातल्या गाडीवाल्यासाठी निकाल असा: २०२० नंतरची गाडी, कोणतीही टर्बो गाडी किंवा समृद्धीवर वरचेवर जाणारी गाडी असेल तर मॅन्युअलमधल्या ग्रेडचं आणि दर्जाचं सिंथेटिकच घ्यावं, त्यात काटकसर नको. जुनी, साधी, गावात फिरणारी पेट्रोल गाडी असेल तर मिनरल ऑइल, सहा महिने किंवा पाच हजार किलोमीटर, आणि वाचलेल्या पैशांत दर उन्हाळ्याआधी नवा एअर फिल्टर. मधल्या गाड्यांनी आपला वापर पाहून ठरवावं. तिन्ही प्रकारांत महिन्यातून एकदा, सपाट जागी, गार इंजिनावर गेजची पट्टी ओढून पाहावी. त्याला पैसे लागत नाहीत.